पाणी फुटतं ती जागा

समोर बसलेल्या बाईंच्या गालावर काहीतरी चकाकलं, आणि तिच्या तोंडातला "आता स्पष्ट दिसतंय की आधी?" हा दिवसभराचा प्रश्न अर्ध्यावरच थांबला. बाईंच्या नाकावर चाचणीची चौकट होती; एकामागून एक भिंगं घालून डोळ्यांचा नंबर काढायची, दोन गोल कड्यांची, कानांशी बारीक स्क्रू असलेली, जुनी जड चौकट. तिच्याच उजव्या कडीवरून मुलाम्याचा, माशाच्या खवल्याएवढा एक कपटा सुटला होता आणि घामट गालाला चिकटून बसला होता. "माझं काही निघालं का?" बाईंनी दचकून विचारलं. "तुमचं नाही, माझं निघालं," ती म्हणाली आणि बोटाच्या टोकाने तिने तो कपटा अलगद उचलून घेतला. बाई हसल्या. गल्ल्यावर बसलेले चष्म्याच्या दुकानाचे मालक हसले नाहीत. "मी म्हणत नव्हतो, प्लास्टिकची नवी मागवू? पण तुम्हाला हौस भारी." यावर तिला शरम वाटायला हवी होती. ती वाटली, पण उशिरा, डबा खाताना, आणि तीही जराशीच. आधी वाटलं ते निव्वळ कुतूहल. तळहातावर तो कपटा उलटासुलटा करत ती खिडकीशी उभी राहिली. त्याची आतली बाजू, जी पितळेला टेकलेली होती ती, आरशासारखी लखलखीत होती. बाहेरची मात्र कुणीतरी श्वास सोडलेल्या काचेसारखी धुरकट. म्हणजे एवढ्याशा कपट्यात दोन दुखणी होती: एक न चकाकण्याचं, दुसरं न चिकटण्याचं. दोन्हींचं कारण एकच की वेगवेगळं? लहानपणी गुडघ्यावरची खपली काढल्याबद्दल तिने आईचा पुष्कळ मार खाल्ला होता. आईला वाटायचं, पोरीला दुखून घ्यायची आवड आहे. तसं काही नव्हतं. खाली काय चाललंय ते तिला बघायचं असायचं.

चौकट मुळात पितळेची. वर्षानुवर्षं लोकांच्या नाकांवर बसून तिचा मूळचा मुलामा झिजला होता आणि चाचणी संपवून उठणाऱ्या प्रत्येकाच्या नाकावर हिरवट रेघ उमटायला लागली होती. मालक ती भंगारात टाकायला निघाले, तेव्हा हिने ती रुमालात गुंडाळून घरी आणली. नवीन चौकटी हलक्या होत्या, त्या नाकावर बसल्याचं कळतही नसे, आणि तेच तिला आवडत नव्हतं. जड चौकट चढली की माणूस ताठ बसतो, खरं बोलतो, अशी तिची समजूत होती. मग गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या तारेखाली तिने नवा मुलामा चढवण्याचा संसार मांडला. एका उंच काचेच्या बरणीत व्हिनेगर आणि थोडं मीठ, त्यात निकेलच्या दोन पट्ट्या सोडून वीज दिली, तेव्हा ते पाणी हळूहळू कच्च्या पेरूच्या सालीसारखं हिरवं होत गेलं. वीज पुरवली नवऱ्याने. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, त्यामुळे घरात तारा, चिमटे आणि जुने चार्जर यांना तोटा नव्हता. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी चमकवायचं मनावर घेतलंयस," तो म्हणाला होता. पितळेचे सगळे सुटे भाग उणे बाजूच्या तारेला टांगायचे, निकेलची पट्टी अधिक बाजूला, आणि वाट बघायची. नाकावर टेकणाऱ्या भागावर मात्र चामड्याची पट्टी लावायची असं तिने आधीच ठरवलं होतं, कारण काहींच्या कातडीला निकेल सोसत नाही. एवढा दूरचा विचार केलेला, आणि मुलामा पहिल्याच आठवड्यात एका परक्या बाईच्या गालावर.

धुरकटपणा आधी सुटला. त्या संध्याकाळी तिने पुन्हा एक कडी बरणीत सोडली आणि नवऱ्याला बोलावलं. कडीभोवती बुडबुड्यांचा नुसता कल्लोळ उठला होता, सोडा वॉटरसारखा. नवरा वाकून बघत राहिला. "घाई करतेयस," तो म्हणाला. "लिफ्टसुद्धा मजल्याजवळ आली की हळू होते. नाहीतर आतली माणसं आपटतील. हे तुझं निकेल आपटतंय." त्याने तारेच्या मध्ये एक छोटा दिवा जोडला, म्हणजे वीज त्यातून वाट काढत दमून पुढे जाईल. बुडबुडे विरळ झाले, कडीला चिकटून राहिलेले एकेक करून सुटायला लागले. तिने पाणी जाड सुती कापडातून गाळून घेतलं, तळाशी बसलेला काळसर गाळ टाकून दिला, काचेच्या कांडीने मधूनमधून ढवळत राहिली. काम रेंगाळलं, पण जे बाहेर आलं त्यात तिला गॅलरीचे गज दिसले, गजांमागचं आभाळ दिसलं आणि स्वतःचं लांबट झालेलं नाक दिसलं. ती इतकी खूश झाली की कडी घेऊन घरभर हिंडली. मग सहज नखाने टोकरलं, आणि स्क्रूजवळच्या जागी निकेल पुन्हा सुटलं, शहाण्यासारखं, आवाज न करता, चकाकतच.

आता तिला झोपताना, जेवताना, बसमध्ये उभं असताना तेच दिसे. का चिकटत नाही? वरून इतकं सुंदर होऊन आतून कशाला धरूनच नाही, हे कसं जमतं? तिने पितळ बारीक पॉलिश कागदाने घासलं, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यातून काढलं, व्हिनेगरमध्ये बुडवलं. हातमोजे घातले. हाताला लावायचं क्रीम बंद केलं, त्यामुळे बोटांना भेगा पडल्या. भांडी घासायचा साबण बदलला. स्क्रूजवळ जुना डाग दिला असेल, तिथलं कथील दगा देत असेल, म्हणून तेवढी जागा खरवडून काढली. सुटायचं ते सुटतच राहिलं, आणि तेही सगळीकडून नाही. एका जागेपुरतंच. एकदा तारेवरून काढलेली कडी बरणीत सोडण्याआधी नळाखाली धरलेली असताना तिला स्वतःचाच धंदा आठवला आणि ती मोठ्याने "अगं बाई!" म्हणाली. दुकानात भिंग धुतलं की ती ते तिरकं धरून बघायची. स्वच्छ भिंगावर पाणी एकसंध पसरतं, ताणलेल्या पातळ कापडासारखं. कुणाचं बोट लागलेलं असलं तर तिथे ते फुटतं, थेंब थेंब होऊन मागे सरतं. धातूचं वेगळं काय असणार? तिने कडी तिरकी केली. पाण्याचा पदर सरसर खाली आला, सगळीकडे बसला, आणि स्क्रूच्या बाजूला एका लांबट गोल जागेभोवती थबकून फाटला. ती जागा कोरडी राहिली. भोवतीने पाणी तिला वळसा घालून गेलं. तिने दुसरी कडी धरली. तीच जागा, तसाच लांबट गोल. दुकानातलं जवळून बघायचं भिंग तिच्या पर्समध्ये असायचं. ते डोळ्याला लावल्यावर त्या जागेत तिला बारीक, वळणदार, एकात एक गेलेल्या रेषा दिसल्या आणि त्यांना आडवी छेदून जाणारी एक सरळ कापल्याची रेघ. अंगठा होता तो. तिचा नव्हता, कारण तिच्या अंगठ्यावर वण नव्हता. नवऱ्याच्या अंगठ्यावर खंडीभर वण होते, पण तो आठवडाभर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इमारतीत अडकलेला, फक्त झोपायला येत होता. घरात उरले बाबा.

सासऱ्यांना घरात सगळे बाबा म्हणत. आयुष्यभर ते छापखान्यात खिळे जुळवत होते. शिशाची एकेक उलटी अक्षरं खणांतून उचलायची, हातातल्या पट्टीत ओळीने लावायची आणि ओळ पडू नये म्हणून डाव्या अंगठ्याने दाबून धरायची. तो अंगठा रुंद आणि चपटा झाला होता. लग्नानंतर पहिल्यांदा पाया पडताना तिला चेहऱ्याआधी तोच दिसला होता. छापखाना बंद झाल्यावर ते खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत. सगळं वाचत, जाहिरातींसकट, आणि शुद्धलेखनाची चूक सापडली की गुन्हेगार पकडल्यासारखे हाक मारत, "सूनबाई, ये बघ, दीर्घ दिलाय!" त्या हाका कधीतरी बंद झाल्या. कधी, ते तिला आठवेना. आठवत होतं ते एवढंच, की गेली दोनेक वर्षं बाबा तिच्याशी बोलताना तिच्याकडे बघत नसत. तिच्या कानाकडे बघत. सुरुवातीला तिला वाटलं, कानातलं सुटलंय. मग वाटलं, केस पिकलेत ते दिसतायत. आरशासमोर उभी राहून तिने स्वतःचा कान कितीतरी वेळा तपासला होता. शेवटी तिने ठरवून टाकलं की आपण त्यांना आवडत नाही. असतं काही माणसांचं. आपण नोकरी करतो ते आवडत नसेल, आमटी पातळ होते ते आवडत नसेल, मूल झालं नाही ते आवडत नसेल. या तिसऱ्या कारणापाशी ती जाऊन यायची, थांबायची नाही. नवऱ्याला एकदा विचारलं, तर तो म्हणाला, "बाबांचं काही मनावर घेऊ नकोस, ते माझ्याशी तरी कुठे धड बोलतात?" मग तीही बोलताना त्यांच्याकडे बघेनाशी झाली. चहा ठेवायचा आणि वळायचं. दोन माणसं एका घरात एकमेकांच्या कडेकडेने वावरू लागली, आणि त्याचीही सवय झाली.

आणि हेच बाबा तिच्या घासूनपुसून टांगलेल्या कड्यांना अंगठा लावत होते. कशासाठी? पहिल्यांदा राग आला. मुद्दाम करतात का? तिची रीत अशी होती की भाग स्वच्छ करून गॅलरीतल्या तारेला टांगायचे आणि बरणीचं पाणी कोमट होईपर्यंत स्वयंपाकघरात काहीतरी आवरायचं. खरं तर धुतल्या धुतल्या, ओलेच बुडवायला हवेत, हे तिला आता कळत होतं. चूक तिचीही होती. पण त्या रविवारी दुपारी तिने तीच चूक पुन्हा केली, जाणूनबुजून. दोन्ही कड्या टांगल्या, आत आली, पातेलं उगाच आपटलं आणि दाराच्या फटीशी उभी राहिली. स्वतःच्या घरात चोरासारखं उभं राहताना तिला लाज वाटत होती आणि थोडी गंमतही. बाबा आले. चालणं अगदी खात्रीचं, उंबऱ्यावर पाऊल बरोबर उचललेलं. त्यांनी तारेवरून कडी काढली, डाव्या हातात धरली. बघितलं नाही. तोंड रस्त्याकडे होतं, आणि अंगठा कडीच्या काठावरून सावकाश फिरत होता, स्क्रूपाशी थांबत होता, मागे येत होता, पुन्हा जात होता. ओठ हलत होते. मग त्यांनी कडी वर उचलली, पण डोळ्यांसमोर नाही, बाजूला, कानशिलाच्या जवळ, आणि मान पलीकडे वळवून, दाण्याकडे बघणाऱ्या चिमणीसारखी तिरकी करून ते कडीकडे बघायला लागले. डोळे समोर भिंतीवर होते. बघणं मात्र कडीवर होतं.

असं बघणारी माणसं तिने पाहिली होती. वर्षाकाठी दोनतीन तरी खुर्चीत येऊन बसतात, आणि कुठलंही भिंग घातलं तरी म्हणतात, तसंच आहे. अशांचा नंबर ती काढत नाही, डॉक्टरांकडे चिठ्ठी देते. डोळ्याच्या पडद्याचा नेमका मधला भाग जातो. कडा राहतात. माणूस चालतो, जिना उतरतो, तांब्या उचलतो, फक्त ज्याच्याकडे रोखून बघावं ते नाहीसं होतं. तिला वर्तमानपत्र आठवलं. बाबा ते अजूनही रोज उघडत, अंतर ठेवून पानं उलटत. सकाळच्या रेडिओवर बातम्या लागतात, आणि मग चहाबरोबर ते म्हणतात, "आज पाणी सोडलंय म्हणे धरणातून." वाचून नव्हे, ऐकून. पानं उलटण्याचा वेळसुद्धा त्यांनी अंदाजाने जुळवला होता. आणि तिचा कान! ती दारातून बाहेर आली तेव्हा तिला आपण काय बोलणार आहोत हे ठाऊक नव्हतं.

"बाबा, काय बघताय?"

ते दचकले नाहीत. कडी तारेला परत लावायला गेले, तार सापडायला थोडा वेळ लागला. "बघतोय कुठे, चाचपतोय," ते म्हणाले. "तू काय करतेस इथे रोज, ते कळावं म्हणून. कड गुळगुळीत झालीये. आधी धार होती."

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"बाबा."

ते गजांना धरून उभे राहिले. खाली कुणीतरी मोटार मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणून ओरडत होतं. "आधी अक्षरं वाकली," शेवटी ते म्हणाले. "मला वाटलं, छपाई बिघडली. हल्ली कोण लक्ष देतं? मग दाराची चौकट वाकली. तेव्हा म्हटलं, दार काही कुणी छापलेलं नाही." ते हसले. तिला हसू आलं नाही. "अहो, मी दिवसभर लोकांचे डोळे तपासते! परक्या माणसांना चार चार वेळा विचारते. आणि तुम्ही घरात—" तिचा आवाज चढला, फाटला. "मला एका शब्दाने सांगायचं नाही? मी कोण आहे तुमची?"

"आलो होतो एकदा तुझ्या दुकानापर्यंत," ते म्हणाले. "बाहेर उभा राहिलो. तू कुणाला तरी विचारत होतीस, हे स्पष्ट की ते स्पष्ट. मला वाटलं, मी बसलो तर काय सांगणार? दोन्ही नाही? ते तू ऐकल्यावर मग खरं झालं असतं ना. परत आलो." गजावर अंगठा फिरवत ते म्हणाले, "आणि मग तुम्ही मला एकट्याला रस्ता ओलांडू दिला नसता."

"मग माझ्याकडे बघणं का सोडलंत?" हे तिने विचारलं तेव्हा तिलाच आश्चर्य वाटलं. डोळ्यांचं चाललेलं असताना हे कुठून मध्ये आलं!

"सोडलं?" बाबांनी मान तिच्याकडे वळवली आणि नजर नेहमीसारखी तिच्या कानावर टेकवली. "अगं, सरळ बघितलं की तू जातेस. नुसता मागचा पडदा उरतो. बाजूला बघितलं की येतेस. तुझं तोंड बघायचं म्हणूनच तर तिकडे बघतो. आत्तासुद्धा रडायला आलंय तुला, दिसतंय मला."

तिने पदराने तोंड पुसलं, आणि मग लक्षात आलं की हातमोजा अजून हातातच आहे आणि सोड्याचं पाणी डोळ्यात गेलंय. त्यामुळे जास्तच आलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते तिला बरंचसं आधीच माहीत होतं, तरी खुर्चीच्या या बाजूला बसून ऐकताना ते नवीन वाटलं. डाव्या डोळ्यातलं गेलं ते गेलं. उजव्यात गळती आहे. डोळ्यातच औषधाच्या सुया दिल्या तर थांबेल, आहे ते टिकेल. वर्षभरापूर्वी आला असतात तर, असं ते म्हणायला लागले आणि तिच्याकडे बघून थांबले. बाबांना एकच शंका होती. "सुई येताना दिसते का हो?" "समोरून आली असती तर तुम्हाला दिसली नसती," डॉक्टर म्हणाले, "पण आम्ही बाजूने घालतो. तेव्हा जरा दिसेल." बाबांनी याचा विचार केला आणि म्हणाले, "चला, काहीतरी बघायला मिळेल." नवरा त्या रात्री जेवला नाही नीट. "मला कसं कळलं नाही?" असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. "मलाच कळलं नाही," ती म्हणाली, "तू तर लिफ्टवाला."

सुया सुरू झाल्या. उजव्या डोळ्यातली गळती थांबली. बाबा मोठ्या अक्षरांचे मथळे कडेने वाचू लागले, त्यांच्या खालचं नाही. रस्ता ओलांडण्यावरून नवऱ्याचं आणि त्यांचं एकदा जोरात वाजलं, आणि शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकट्याने, पुढे सोबतीने, असा तह झाला. एका सुट्टीच्या सकाळी तिने पुन्हा कड्या काढल्या. बाबांची खुर्ची गॅलरीत आणून ठेवली, आणि त्यांच्या हातात खेळायला जुना घासलेला स्क्रू दिला, "हा चाचपा, बाकी कशाला हात लावायचा नाही" असा दम देऊन. मुलाम्याचे उरलेसुरले तुकडे काढून पितळ नव्याने घासलं, धुतलं, नळाखाली तिरकं धरलं. पाणी एका पदराने वरून खालपर्यंत उतरलं आणि कुठेही फुटलं नाही. ती ते बघतच राहिली. मग ओलीच कडी बरणीत सोडली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. काही झालं नाही, हेच झालं."

मुलामा चढायला वेळ लागणार होता. ती खाली फरशीवर बसली, भिंतीला पाठ टेकून, आणि बोलायचं म्हणून बोलल्यासारखं तिने विचारलं, "मध्ये काळं दिसतं का हो?"

"काळं नाही," बाबा चटकन म्हणाले, जणू कुणीतरी हे विचारावं याची ते कधीची वाट बघत होते. "लोकांना वाटतं काळं. भिंतीकडे बघितलं तर तिथे भिंतीचाच रंग. आभाळाकडे बघितलं तर आभाळाचा. भोक दिसतच नाही, ही गंमत बघ. आजूबाजूचं घेऊन बुजवलं जातं. एकदा रस्त्यावर मी एक आख्खा माणूस असा बुजवला, येऊन आदळला तेव्हा कळलं. सकाळी उठल्या उठल्या मात्र छताकडे बघितलं की जरा तांबूस असतं, कडेला थरथरतं. उन्हातून आत आलं की जांभळं. आणि सरळ रेघ त्याच्याजवळ गेली की पोटात दुखल्यासारखी वाकते." ते बराच वेळ बोलत होते. हातांनी हवेत त्याचा आकार काढून दाखवत होते, तो कालच्यापेक्षा आज कसा वेगळा आहे ते सांगत होते, मध्येच चुकलं म्हणून दुरुस्त करत होते. ती ऐकत होती. इतकी वर्षं ती माणसांना विचारत आली होती ते फक्त दिसतं त्याबद्दल; ओळी वाचून घ्यायच्या, जिथे अडखळतील तिथे थांबायचं, आकडा लिहायचा. अडखळण्याच्या पलीकडे काय असतं, तिथे रंग असतात, हालचाल असते, माणूस तिथे एकटाच काहीबाही बघत बसलेला असतो, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. बरणीतलं विसरून ती विचारत राहिली: आणि रात्री? आणि डोळे मिटल्यावर? आणि स्वप्नात?

चौकट दुकानात परत गेली. मालकांनी तिच्यावर चिकटपट्टी दाबून खसकन ओढून पाहिली. पट्टी कोरीच निघाली. "हं," एवढंच ते म्हणाले आणि प्लास्टिकच्या चौकटीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी एक म्हातारा आपल्या मुलीबरोबर आला. मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. सगळी उत्तरं मुलगीच देत होती. "बाबांना नीट दिसत नाही, नंबर वाढवून द्या. आम्हाला जरा घाई आहे." हिने भिंगं बदलली. हे की हे? म्हातारा दर वेळी नम्रपणे म्हणे, तसंच आहे. पुन्हा बदलली. तसंच आहे. मुलीने घड्याळात बघितलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीचं पॅड हाताशीच होतं, आणि चिठ्ठी तर द्यायचीच होती. हिने पॅड ओढलं, पेन उघडलं, मग बंद केलं. चौकट म्हाताऱ्याच्या नाकावरून काढून बाजूला ठेवली आणि स्टूल त्याच्या जवळ सरकवलं.

"आजोबा," ती म्हणाली, "जिथे दिसत नाही, तिथे काय दिसतं?"

"अहो, दिसत नाही म्हणजे काय दिसणार?" मुलगी म्हणाली.

म्हाताऱ्याने हात वर करून मुलीला थांबवलं. पिशवी मांडीवरून उचलून खाली पायाशी ठेवली. मग मुलीच्या दिशेने, पण तिच्या खांद्याच्या थोडं पलीकडे बघत तो म्हणाला, "तू बस तिकडे बाकावर. आम्हाला जरा वेळ लागेल."